बघा, पण मुक्काम नको

इंग्लंडमधल्या जुन्या उमरावी वाड्यांविषयी एक ढोबळ समज रूढ आहे. पूर्वी हे वाडे आणि त्यांच्या बागा कडेकोट बंद होत्या, आत उमराव आणि बाहेर रयत. मग लोकशाही आली, वारसाकराने उमरावांचे कंबरडे मोडले आणि तिकीट लावून दरवाजे उघडण्याची पाळी त्यांच्यावर आली. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. डेव्हनशायरच्या ड्यूकांचा हा वाडा आज उभा आहे त्या रूपात आला तेव्हापासून लोकांना दाखवला जात आला आहे. जेन ऑस्टेनच्या १८१३ च्या कादंबरीत नायिका मामा-मामींबरोबर डर्बीशायरच्या सहलीला निघते, तेव्हा वाटेतल्या प्रेक्षणीय स्थळांत चॅट्सवर्थचे नाव येते. पुढे एका काल्पनिक वाड्यात घराची व्यवस्था पाहणारी बाई त्यांना दालने फिरवून दाखवते आणि त्या काळच्या वाचकाला यात काहीच वावगे वाटत नाही. १८४९ मध्ये रेल्वे जवळच्या रोझली गावापर्यंत पोचली आणि त्या एका उन्हाळ्यात सुमारे ८०,००० लोक चॅट्सवर्थ पाहून गेले. आलेला माणूस कितीही साधा असो, त्याच्यासाठी कारंजी सोडावीत अशी सहाव्या ड्यूकाची ताकीद होती. म्हणजे पाहायला मनाई अशी कधी नव्हतीच. वाडा, बाग, धबधबा हे सगळे दाखवण्यासाठीच उभारलेले होते, आणि कोणी पाहणाराच नसता तर त्यावरचा खर्च वाया गेला असता. मनाई होती ती राहण्याला. जमिनीची मालकी कुठे सुरू होते हे ओळखायचे असेल तर मालक काय पाहू देतो ते विचारून उपयोग नाही, कोणाला रात्र काढू देतो ते विचारावे लागते. म्हणून अशी इस्टेट आणि तिची बाग समजून घ्यायची असेल, तर पाठीवर तंबू घेऊन एकट्याने चालत येणारा माणूस हाच तिचा खरा पाहुणा, असे माझे म्हणणे आहे. इतरांपेक्षा तो अधिक रसिक असतो असे नाही. तो रात्री कुठे झोपणार या साध्या प्रश्नाला इस्टेट जे उत्तर देते, त्यात तिची सगळी रचना उघडी पडते, एवढेच.

आधी वाटेचे पाहू. सहलीच्या बसने येणारा माणूस बरोबर मध्यावर उतरतो. समोर सोनेरी दगडाचा वाडा, मागे झाडीची भिंत, डावी-उजवीकडे हिरवळ, खाली डरवेंट नदी आणि तिच्यावरचा दगडी पूल. त्याला दिसते ते नेमके तेच, जे दाखवायचे तीनशे वर्षांपासून ठरलेले आहे. तंबूवाल्याला मात्र कडेकडेने यावे लागते. हॅदरसेज गावाबाहेर, स्टॅनेजच्या कड्याखाली, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने चालवलेली तंबू ठोकायची जागा आहे. तिथून दक्षिणेला निघाले की फ्रॉगट, कर्बर, बॅझलो असे खरखरीत वालुकाश्माचे कडे एकामागून एक लागतात. पायथ्याला अर्धवट घडवून सोडून दिलेली जाती पडलेली आहेत, कारण गिऱ्हाईक गेले आणि धंदा बसला. मग सुरू होतात चुन्याशिवाय रचलेल्या दगडी कुंपणभिंती. डोंगरावर त्या शोभून दिसतात हे खरे, पण त्या शोभेसाठी उभ्या राहिलेल्या नाहीत. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने ५,२०० हून अधिक कुंपणकायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त जमीन, सामायिक वहिवाटीतून काढून खासगी मालकीत घातली. चॅट्सवर्थच्या वरच्या अंगाला बीली माळावर हॉब हर्स्टचे घर नावाचा कांस्ययुगीन दफनाचा उंचवटा आहे. १८८२ मध्ये प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा झाला तेव्हा संरक्षण मिळालेल्या पहिल्या काही जागांत तो होता. या माळावरून उतरताना वाडा दिसतो तो पाठीमागून, वरून आणि लहान. तोवर चालणाऱ्याने जाती, भिंती, माळ आणि तळी पाहिलेली असतात, म्हणजे वाडा दिसण्याआधी तो ज्याच्यावर उभा आहे ते त्याच्या डोळ्यांखालून गेलेले असते. बागेच्या रचनाकाराने ठरवलेला क्रम इथे उलटतो.

त्या तळ्यांबद्दल जरा थांबून बोलायला हवे. चॅट्सवर्थच्या बागेत दोन पाणखेळ विशेष गाजलेले आहेत. एक पायऱ्यांचा धबधबा. ग्रिये नावाच्या फ्रेंच जलतज्ज्ञाने तो १६९६ मध्ये पुरा केला आणि काही वर्षांतच तो वाढवून पुन्हा बांधला गेला. त्याच्या चोवीस पायऱ्यांची घडण सारखी नाही, त्यामुळे उतरत्या पाण्याचा आवाज टप्प्याटप्प्याने बदलतो. दुसरे सम्राट-कारंजे. रशियाचा झार निकोलस पहिला येणार म्हणून सहाव्या ड्यूकाचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने ते १८४४ मध्ये घाईघाईने उभारले. झार आलाच नाही. कारंजे मात्र राहिले आणि त्याची धार २९६ फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. इतक्या उंच धारेमागे पंप असेल असे कोणालाही वाटेल, पण पंप नाही. बागेच्या सुमारे ३५० फूट वर, माळावर, आठ एकरांचे तळे खणले आणि तिथून नळाने पाणी खाली आणले. तळ्यातून सुटलेले पाणी आपल्याच दाबाने उसळते. हे काम सहा महिन्यांत उरकायचे होते म्हणून मजूर रात्रीसुद्धा मशालींच्या उजेडात खणत होते. १८९३ पासून याच पाण्यावर जनित्र फिरवून वाड्यात विजेचे दिवे लावले गेले. पॅक्स्टनची अक्कल वादातीत आहे. पण खालून पाहणाऱ्याला कारंजे म्हणजे चमत्कार वाटतो, आणि माळावरून आलेल्याला कळते की आधी डोंगर मालकीचा असावा लागतो, मग चमत्कार घडतो. १०५ एकरांची बाग पाहायला तिकीट आहे; बाग ज्यावर चालते तो माळ त्या तिकिटात येत नाही.

आता मुक्कामाकडे येऊ. अठराव्या शतकाच्या मध्यावर चौथ्या ड्यूकाने लान्सलॉट ब्राउन या त्या काळच्या सर्वांत मागणी असलेल्या उद्यानकाराला बोलावले. ब्राउनने आखीव ताटवे पुष्कळसे पुसले, गवताचे उतार थेट वाड्यापर्यंत आणले, नदीचा काठ नीट केला. ‘निसर्गासारखी’ बाग ही इंग्रजांची जगाला देणगी मानली जाते आणि ब्राउन तिचा मेरुमणी. पण या निसर्गासारखेपणाची एक अट होती: माणसे राहत असल्याची खूण नजरेस पडता कामा नये. गुरे दिसलेली चालतील, उलट शोभतील, पण ती वाड्याच्या पायरीशी येऊ नयेत म्हणून इंग्रज बागांत कुंपणाऐवजी लांबून न दिसणारे खंदक खणण्याची चाल होती. रस्ते वळवले गेले. वाड्याच्या खिडक्यांतून दिसणारी एडन्सर गावातली घरे पाडली गेली. हे चॅट्सवर्थपुरते नाही. ऑक्सफर्डजवळचे न्यूनहॅम कोर्टनी हे गाव १७६० च्या दशकात असेच उठवले गेले आणि मैलभर दूर रस्त्याकडेला नव्याने वसवले गेले. डॉर्सेटमध्ये मिल्टन ॲबस हे अख्खे बाजारगाव मालकाला वाड्याशेजारी नको झाले म्हणून जमीनदोस्त झाले, आणि त्याच्या जागी तळे व गवत आले. ऑलिव्हर गोल्डस्मिथने उजाड गावावरची कविता १७७० मध्ये छापली ती या वातावरणात. त्या कवितेतले गाव नेमके कोणते यावर विद्वान भांडत असतात. भांडोत बापडे. एका गावाचे नाव ठरवणे कठीण जावे इतकी गावे तेव्हा उठत होती, ही बाब मला त्या भांडणाच्या निकालापेक्षा महत्त्वाची वाटते.

एडन्सरचे उरलेले काम सहाव्या ड्यूकाने १८३८ ते १८४२ या काळात पुरे केले. गाव टेकाडाआड, वाड्यावरून दिसणार नाही असे बसवले. काम पॅक्स्टनच्याच देखरेखीखाली झाले. हाच पॅक्स्टन १८३६ ते १८४१ या वर्षांत बागेत त्याचे महाकाचगृह उभारत होता. २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, ६७ फूट उंच अशी ही काचेची इमारत. आत उष्ण प्रदेशातली झाडे, आणि त्यांना डर्बीशायरच्या हिवाळ्यात उबेत ठेवायला जमिनीखाली आठ बॉयलर. कोळसा आणणाऱ्या गाड्या कोणाला दिसू नयेत म्हणून त्यांच्यासाठी भुयार काढले होते. ही झाडे कुठून आली? १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला ड्यूकाने हिंदुस्थानात धाडले, नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड ज्या जहाजाने निघाले त्याच जहाजाने. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात नॅथॅनिएल वॉलिकने त्याला मदत केली, आणि खासी टेकड्यांत चेरापुंजीभोवती हिंडून त्याने शंभरावर जातींची ऑर्किडे गोळा केली. ब्रह्मदेशातले ॲम्हर्स्टिया हे देखणे फुलझाड मिळवणे हा या मोहिमेचा मुख्य हेतू होता. ते झाड चॅट्सवर्थला जिवंत पोचले, पण ड्यूकाच्या दारी फुलले नाही. १८४९ मध्ये ते इंग्लंडमध्ये प्रथम फुलले ते लंडनजवळच्या एका बाईंच्या बागेत. असो. मुद्दा तारखांचा आहे. एकाच मालकाने, एकाच कारभाऱ्याकडून, त्याच चार-पाच वर्षांत चेरापुंजीच्या ऑर्किडांना आठ बॉयलरांच्या उबेत वस्तीला घेतले आणि पिढ्यान्पिढ्या समोर राहणाऱ्या गावाला डोंगराआड केले. यापेक्षा बोलका पुरावा मला ठाऊक नाही. त्याच बागेत १८३५ मध्ये मॉरिशसमार्गे आलेली एक बुटकी केळ निसवली आणि तिला ड्यूकाच्या घराण्याचे, म्हणजे कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. जळगावच्या बसराईपासून जी-नाइनपर्यंत ज्या जातींवर आपल्याकडची केळीची बाजारपेठ उभी आहे त्या सगळ्या शास्त्रज्ञांच्या लेखी याच कॅव्हेंडिश गटात मोडतात. रावेर-यावलच्या शेतकऱ्याच्या बांधावर एका डर्बीशायरी उमरावाचे आडनाव असे जाऊन बसले आहे. महाकाचगृह मात्र टिकले नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडे गारठून मेली आणि १९२० मध्ये इमारत सुरुंग लावून पाडली गेली.

यावर कोणी म्हणेल, एडन्सरच्या लोकांचे वाईट काय झाले? नवी घरे जुन्यांपेक्षा पक्की होती, दर घराची घडण वेगळी, आज ते गाव चित्रासारखे दिसते आणि तिथे घर मिळावे म्हणून लोक धडपडतात. हे सगळे खरे आहे. त्या काळच्या मजुरांच्या झोपड्यांशी तुलना केली तर ड्यूक दयाळूच ठरेल. पण जुन्या घरांची दुरुस्ती ड्यूकाला जागच्या जागी करता आली असती. गाव हलले ते नजरेसमोरून दूर व्हावे म्हणून, आणि घरे चांगली मिळाली ही त्या हलण्याची भरपाई होती. पुनर्वसनाच्या वसाहतींचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. कोयनेपासून आजवर आपण हेच पाहत आलो आहोत की नवे घर बरे की वाईट हा प्रश्न विचारला जातो, आणि उठायचे की नाही हा प्रश्न विचारण्याआधीच ठरलेला असतो.

बाग सोडून वर माळावर गेले की हेच तत्त्व अधिक उघडपणे दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पीक डिस्ट्रिक्टमधली बरीचशी उंच माळराने ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली होती. वर्षातले मोजके दिवस तिथे बंदुका चालत आणि उरलेले वर्षभर रखवालदार लोकांना हाकलत. १९३२ च्या ईस्टरला कामगारांच्या एका क्रीडासंघटनेने रोवर्थ इथे तंबूंचे शिबिर भरवले होते. तिथली काही मंडळी ब्लीकलोच्या माळाकडे निघाली आणि रखवालदारांनी त्यांना परत फिरवले. या अपमानातून ठरले की मोठ्या संख्येने जायचे, मग कोण अडवतो पाहू. २४ एप्रिल १९३२ रोजी विशीतल्या बेनी रॉथमनच्या पुढाकाराने शेकडो लोक किंडर स्काउटच्या पठारावर चढले. रखवालदारांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली, पाच जणांना दोन ते सहा महिने तुरुंगवास झाला. ती जमीन डेव्हनशायरच्या ड्यूकाची होती. ज्या घराण्याने ऐंशी हजार लोकांसाठी कारंजी सोडली, त्याच घराण्याच्या माळावर झालेल्या झटापटीपायी तरुण पोरे तुरुंगात गेली. यात ढोंग शोधण्याची गरज नाही, दोन्ही वागणुकी एकाच समजुतीतून येतात. आखलेल्या वाटेवर, ठरल्या वेळी, पाहून परत जाणारा तो पाहुणा, आणि आपल्या मर्जीने येऊन हवे तितके थांबणारा तो घुसखोर. २००२ मध्ये, सत्तराव्या स्मरणदिनी, अकराव्या ड्यूकाने तिथे येऊन आजोबांच्या काळच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. हे त्याने मनापासून केले असे मला वाटते.

पण माफी मागून आणि कायदे होऊनही काय उघडले आणि काय बंद राहिले ते बारकाईने पाहायला हवे. राष्ट्रीय उद्यानांचा १९४९ चा कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले, आणि २००० च्या कायद्याने इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के जमिनीवर, मुख्यतः माळ, डोंगर आणि सामायिक चराऊ राने यांवर, कोणालाही पायी हिंडण्याचा हक्क मिळाला. या हक्काच्या मर्यादा त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात दिल्या आहेत. तिथल्या एका कलमात संघटित खेळ, तंबू ठोकून राहणे, हँग-ग्लायडिंग आणि पॅरा-ग्लायडिंग हे एका ओळीत बसवले आहेत. संसदेच्या लेखी चालून थकलेल्या माणसाने रात्री आडवे होणे आणि कड्यावरून पंख लावून उडी मारणे ही एकाच जातीची कृत्ये आहेत. मसुदा करणाऱ्याने फार विचार केला नसावा. मात्र विचार न करता जे सुचते त्यातच रूढ समजूत दिसते.

ही समजूत न्यायालयात तपासली गेली ती डार्टमूरच्या निमित्ताने. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या या माळावर १९८५ च्या एका खास कायद्याने लोकांना मोकळ्या हवेतल्या करमणुकीसाठी पायी आणि घोड्यावरून हिंडण्याचा हक्क दिला आहे. पाठीवरचा तंबू ठोकून एखादी रात्र काढणे हा त्याच हक्काचा भाग आहे असे सगळे धरून चालले होते. तिथल्या मोठ्या इस्टेटीच्या मालकांनी याला आव्हान दिले. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने कौल दिला. चालणे ही करमणूक आहे, तंबूत झोपणे ही करमणूक नसून चालण्याची सोय आहे, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षी अपील न्यायालयाने तो फिरवला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तंबूवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. भांडण कशावर होते पाहा. माणसे माळावर येतात याला कोणाची हरकत नव्हती. ती पाहतात, चालतात, बसतात, डबा खातात, यालाही नव्हती. डोळे मिटण्याला हरकत होती. जमीनमालकांना याची धास्ती वाटते ती मूर्खपणाने नाही. दिवसाचा पाहुणा कितीही आला तरी जागा मालकाचीच वाटते. रात्र काढणारा माणूस मात्र तिथे, एका रात्रीपुरता का होईना, वस्तीला असतो.

तंबूचाच राग असता तर गोष्ट सोपी होती. तसे नाही. वेल्समधल्या पोविस किल्ल्यात टिपू सुलतानाचा छापील चिटाचा तंबू आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाच्या हाती लागला आणि पुढे त्या घराण्याच्या बागेतल्या मेजवान्यांत मांडव म्हणून उभा राहू लागला. म्हणजे उमरावी बागेत तंबू चालतो, मालकाचा असला की झाले. त्याच देशात १८२४ चा भटकेगिरीचा कायदा, ज्याला निर्वाहाचे साधन नाही आणि आपला समाधानकारक खुलासा देता येत नाही अशा माणसाने उघड्यावर, गाडीत किंवा तंबूत रात्र काढली, तर त्याला गुन्हेगार ठरवत होता. त्या कायद्यात तंबूचा नावानिशी उल्लेख होता. २०२२ च्या पोलीस कायद्याने याच दिशेने नवी भर घातली आणि वाहनासह परवानगीविना जमिनीवर वस्ती करणे हा काही परिस्थितींत थेट फौजदारी गुन्हा केला. त्याचा रोख पिढीजात भटक्या समाजांवर आहे हे उघड आहे. ही विचारसरणी आपल्याकडेही आली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेला, आणि सोलापूरसारखी तारेच्या कुंपणातली वसाहत हे तिचेच फळ. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरी गावाबाहेर पाल पडले की आधी चौकशी होते, आणि त्याच गावाजवळच्या धरणावर शहरातून आलेल्यांचे रंगीत तंबू लागले की त्याला पर्यटन म्हणतात.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. एकट्याने तंबू घेऊन वाडे-बागा पाहत हिंडणे ही सुखवस्तूंची चैन आहे. ज्याला रजा आहे, महागडे सामान आहे आणि पोलिसाने विचारले तर दाखवायला ओळखपत्र आहे त्याचे हे खेळ. त्याला आदर्श पाहुणा म्हणणे म्हणजे एका विशेषाधिकाराच्या जागी दुसरा बसवणे. यातला बराच भाग मला मान्य आहे. एकट्या बाईला इंग्लंडच्या माळावर तंबूत रात्र काढताना जो विचार करावा लागतो तो पुरुषाला करावा लागत नाही, आणि सावळ्या कातडीच्या माणसाला गावच्या वाटेवर जी रोखून पाहणारी नजर भेटते ती गोऱ्याला भेटत नाही. पण आक्षेप इतिहासाला धरून नाही. इंग्लंडमध्ये हौशी तंबूवाल्यांची पहिली संघटना १९०१ मध्ये निघाली, ती थॉमस हायरम होल्डिंग नावाच्या शिंप्याच्या खटपटीतून. सायकलवर नेता येईल असा हलका तंबू शिवणे हा त्याचा ध्यास होता. १९३२ मध्ये किंडरवर चढलेली पोरे मँचेस्टर आणि शेफील्डच्या कारखान्यांतली होती. त्यांना वाड्यात उतरायचे निमंत्रण नव्हते आणि हॉटेल परवडत नव्हते. तंबू हे दोन रात्री शहराबाहेर काढण्याचे सर्वांत स्वस्त साधन होते आणि अजूनही बऱ्याच अंशी आहे. राहिला विशेषाधिकाराचा मुद्दा. सुखवस्तू तंबूवाल्याला सुद्धा जर कायदा सांगत असेल की झोपायच्या आत निघ, तर ज्याच्याकडे काहीच नाही त्याला काय सांगितले जात असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

एकटेपणाविषयीही इथेच सांगून टाकतो. गटाने जाणाऱ्यांचा प्रमुख असतो, आगाऊ नोंदणी असते, त्यांच्या वतीने कोणीतरी बोलतो. ते आपले जग बरोबर घेऊन फिरतात आणि जागेला त्यांच्याबद्दल प्रश्न पडत नाही. एकट्याला मात्र जागोजागी आपण कोण, कशाला आलो, कधी जाणार हे सांगावे लागते. १८२४ च्या कायद्याला ज्याच्याकडून खुलासा हवा होता तो असाच, एकटा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. रात्री लोकांना राहू दिले तर कचरा होतो, शेकोट्या पेटतात, वाळलेला माळ भडकतो. २०१८ च्या उन्हाळ्यात मँचेस्टरजवळचा सॅडलवर्थचा माळ कित्येक दिवस जळत होता. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने तंबूसह हिंडण्याचा हक्क जवळजवळ सर्वत्र दिला, तरी लॉख लोमंडच्या काठावर इतकी नासधूस झाली की २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर तिथे ठरावीक पट्ट्यांत परवाना लागतो. हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याचे उत्तरही त्याच उदाहरणात आहे. स्कॉटलंडने हक्क मूळ धरला आणि जिथे नुकसान झाले तिथे मनाई केली. इंग्लंड मनाई मूळ धरते आणि एखाद्या माळापुरता हक्क देते, तोही तीन न्यायालये ओलांडल्यावर. शिवाय चॅट्सवर्थच्या धबधब्याशेजारी तंबू लावू द्यावा असे कोणी म्हणत नाही. बागेला रात्री कुलूप हवेच. प्रश्न कुलपाबाहेरच्या डोंगराचा आहे.

आणि मग येतो इस्टेटींच्या बाजूचा खरा युक्तिवाद, जो त्यांचे समर्थक अनेकदा नीट मांडत नाहीत. या घराण्यांनी एवढी जमीन एकत्र धरून ठेवली नसती तर शेफील्ड, डर्बी आणि मँचेस्टर या शहरांच्या मध्ये आज घरांच्या रांगा दिसल्या असत्या. दहावा ड्यूक १९५० मध्ये अचानक वारला तेव्हा वारसाकराचा दर ८० टक्के होता. तो फेडायला हार्डविक हॉल हा त्यांचा दुसरा वाडा आणि कित्येक चित्रे सरकारकडे गेली, आणि हिशेब मिटायला दशके लागली. चॅट्सवर्थ मोडीत निघाले नाही, कारण घराण्याने चिकाटी धरली आणि १९८१ मध्ये ते न्यासाच्या हाती दिले. पार्कात नदीकाठी चालायला आजही तिकीट लागत नाही. या कामाबद्दल कृतज्ञ असायला माझी हरकत नाही. पण या युक्तिवादातून निष्पन्न काय होते? जमीन एकसंध राहावी, तिची निगा राखली जावी, निगेसाठी पैसा यावा. यातल्या एकाही गोष्टीला माळावर कोणी एक रात्र झोपल्याने धक्का लागत नाही. जमीन जपणे आणि जमिनीवर कोणाला राहू न देणे या दोन गोष्टी इतकी वर्षे एकाच हाताने होत आल्या की त्या एकच आहेत असे वाटू लागले आहे.

त्या वेगळ्या आहेत याचा पुरावा किंडर स्काउटवरच आहे, आणि तो ड्यूकांच्या टीकाकारांनाही गैरसोयीचा आहे. किंडरचे पठार १९८२ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. हा ट्रस्ट सर्वसाधारण सभासदांच्या वर्गणीवर चालतो, तिथे ना ग्राउसची शिकार आहे ना उमराव. माळाची खराब झालेली जमीन सुधारण्याचे काम ट्रस्टने चांगले केले आहे. तरीही परवानगीविना तिथे तंबू लावण्याची मुभा नाही. म्हणजे मालक बदलून, हेतू बदलून, माफी मागून झाल्यावरही मुक्कामाची रेघ होती तिथेच आहे. ती पुसायला कोणा ड्यूकाचे मन वळवावे लागणार नाही की कोणाची जमीन काढून घ्यावी लागणार नाही. २००० च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या त्या ओळीतून तंबू तेवढा काढायचा आणि आग, कचरा, गर्दी यांसाठी स्कॉटलंडसारखे जागेपुरते नियम करायचे. हँग-ग्लायडिंग तिथेच राहिले तरी चालेल.